कुडपणची बरणी

सरांकडे खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला नाव, गाव, नोकरी यांतलं काहीच विचारलं नाही. आधी डोळे मिटायला सांगितले. मी दारातच उभी, खांद्याला बॅग, हातात कंपनीच्या बसचा पास, आणि समोर उलटी बनियन घातलेला एक उंच, वाळका माणूस काचेची बरणी पुढे करून म्हणतोय, "हात घाल. एकच काढ. बघायचं नाही."

मी घाटावरची. कोकणात भाडेकरू ठेवताना असं काही करायची पद्धत असेल, असं समजून मी मुकाट्याने हात घातला. वालाचा दाणा निघाला.

"रंग सांग."

"तांबडा."

"परत टाक. हलव. पुन्हा डोळे मीट."

असं वीस वेळा झालं. मग त्यांनी वहीत आकडे लिहिले, वही मिटली आणि आत तोंड करून म्हणाले, "अगं, खोली बघायला आलीय एक मुलगी. चहा टाक."

"आधी बसायला तरी सांगा तिला," आतून आवाज आला. त्या काकू. मी खोली घेतली ती त्या आवाजामुळे, सरांमुळे नाही.

पुढे चार वर्षं मी महाडला त्या वरच्या खोलीत राहिले. एमआयडीसीतल्या एका औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होते, पाळ्यांची नोकरी. सर तिथल्याच एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलीचं लग्न होऊन ती नाशिकला गेलेली. घरात दोघंच, आणि बाहेरच्या खोलीत फळीवर चार बरण्या. लोक जिथे देवाच्या तसबिरी किंवा पोरांनी जिंकलेले कप ठेवतात, तिथे या बरण्या. एक मोठी, लोणच्याची, तिच्यावर चिठ्ठी 'महाड'. तिच्यात दोनशे दाणे. तीन लहान, वीस वीस दाण्यांच्या. त्यांच्यावर आसपासच्या गावांची नावं, 'दासगाव', 'पोलादपूर' आणि 'कुडपण'.

सगळ्या बरण्या एकाच दिवशी भरलेल्या, निम्मे पांढरे वाल, निम्मे तांबडे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता मोजणी. घरात जो कोणी असेल त्याने डोळे मिटून दाणा काढायचा, रंग सांगायचा, परत टाकायचा, बरणी हलवायची. वीस दाण्यांची बरणी असेल तर वीस वेळा. समजा बारा वेळा पांढरा आणि आठ वेळा तांबडा निघाला, तर त्या बरणीत पुढचा महिनाभर बारा पांढरे आणि आठ तांबडे राहणार. म्हणजे एक पिढी संपली, दुसरी जन्माला आली. पुढच्या महिन्यात त्या पिढीची पुढची पिढी. महाडच्या मोठ्या बरणीला दोनशे वेळा हात घालावा लागे, त्यामुळे पहिल्या रविवारी सरांकडे शहाणा माणूस सहसा फिरकत नसे. जे फिरकत त्यांना काकू दारातच सांगत, "हात धुऊन या, बरणीत घालायचा हाय."

मी गेले तेव्हा या उद्योगाला आठ वर्षं झाली होती. दासगावची बरणी तिसऱ्या वर्षीच पूर्ण पांढरी झाली होती. पोलादपूरची पाचव्या वर्षी पूर्ण तांबडी. तरी त्यांचीही मोजणी दर महिन्याला रीतसर व्हायची. शेजारचे हमीदभाई, ज्यांचे तीन ट्रक होते आणि ज्यांच्या अंगात सरांपुरता अपरंपार सोशिकपणा होता, एकदा दासगावच्या तावडीत सापडले.

"मास्तर, यात सगळे पांढरेच हायेत."

"तुम्हाला कसं कळलं? डोळे मिटा."

"वीस वेळा काढू?"

"वीस वेळा."

हमीदभाईंनी वीस वेळा पांढरा दाणा काढला, वीस वेळा 'पांढरा' म्हणाले, आणि जाताना काकूंना हळूच विचारलं, "वहिनी, मास्तरांना डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं ना," काकू म्हणाल्या. "डॉक्टरांनी पण वीस काढले."

सरांचं म्हणणं साधं होतं, पण ते साधेपणाने सांगत नसत. आधी ते तुम्हाला अडकवायचे. "दासगाव पांढरं का झालं? पांढरा दाणा जास्त चांगला आहे का? नाही. तांबडा कुणी फेकून दिला का? नाही. कुणी ढकललं नाही, तरी सरकलं. मग?"

"नशीब," मी म्हटलं.

"नशीब नको म्हणू. मूठ म्हण. मूठ लहान असली की नशीब मोठं होतं. दोनशेच्या बरणीत एखादा दाणा इकडेतिकडे झाला तर तिला पत्ताही लागत नाही. वीसच्या बरणीत तेवढ्यानं कुळाची दिशा बदलते."

एक जुनं गणित आहे, ते सर देवाच्या आरतीसारखं तोंडपाठ म्हणायचे. गावात बाहेरून कोणी येत नसेल, गावातून कोणी जात नसेल, कोणी कोणाला निवडत नसेल, काही नवीन उपजत नसेल आणि गाव अफाट मोठं असेल, तर रंगांचं प्रमाण पिढ्यान् पिढ्या जसंच्या तसं राहतं. मग ते थांबायचे आणि खिडकीतून बाजारपेठेकडे बघायचे. "असं गाव आहे का कुठे? नाही. तरी गणित करायचं. त्याशिवाय आपलं गाव त्यापासून किती लांब आहे ते कसं कळणार?" वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी या अटी मोठ्या अक्षरात लिहून ठेवल्या होत्या. पहिलीच अट होती, 'बाहेरून कोणी येत नाही.' खाली लफ्फेदार सही, कोर्टात केल्यासारखी.

हे वेड बरण्यांपुरतं असतं तर निभावलं असतं. लग्नाला गेले की सर जेवणाच्या पंगतीत नवरीच्या बापाला गाठायचे. "मुलगी दिलीत कुठे? पोलादपूरला? मामाकडे नाही ना? वा, वा, उत्तम." पलीकडच्या जिल्ह्यातली सून आली असेल तर त्यांना इतका आनंद व्हायचा की घरच्यांना संशय यायचा. मला ते स्वतःच्या ओळखीच्यांना "ही आमच्या बरणीतला बाहेरचा दाणा" अशी ओळख करून द्यायचे. पहिल्या वेळी मला राग आला होता. नंतर मीच तसं सांगायला लागले.

आणि मांजरं. मी महाडला जाण्याआधीच्या एका पावसाळ्यात सावित्री नदी पेठेत शिरली होती. सरांच्या भिंतीवर पाण्याची खूण माझ्या खांद्याच्या वर होती. त्या पुरात आळीतली मांजरं बहुतेक गेली. हमीदभाईंच्या गोदामाच्या पत्र्यावर तीन वाचली, त्यातली एक वाकड्या शेपटीची मांजरी. दोन वर्षांनी आळीतल्या निम्म्या मांजरांच्या शेपट्या टोकाला वाकड्या. लोक म्हणायचे, मासे कापणाऱ्या बायका कोयता मारतात. सर संतापायचे. आळीतल्या एकूण एक मांजराची शेपूट त्यांनी हाताने चाचपून वहीत लिहिली होती आणि त्याचे ओरखडे त्यांच्या मनगटांवर होते. "पाण्यानं शेपटीकडे बघून कुणाला वाचवलं नाही," ते सांगायचे. "वाचली ती त्या वेळी पत्र्यावर होती म्हणून. बाकी सगळं त्यानंतर."

त्याच पुरात बरण्या कशा वाचल्या, असं मी काकूंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मीच माळ्यावर नेल्या. ते देव आणि रेशनकार्ड शोधत होते." 

या सगळ्यात सरांच्या जिवाला घोर लावणारी गोष्ट एकच होती, आणि ती म्हणजे कुडपणची बरणी. काकूंचं माहेर कुडपणचं, पोलादपूरच्या वरच्या डोंगरसपाटीवरचं. तांबडे वालही त्यांच्या माहेरचेच. वीस दाण्यांची बरणी दोनतीन वर्षांत, फार तर पाचसहा वर्षांत एका रंगाची व्हायला हवी. कुडपण होत नव्हती. तांबडे चारावर यायचे आणि पुढच्या महिन्यात सात निघायचे. कधी पांढरे तिनावर यायचे आणि पुन्हा वर. पडायची, उठायची, पण दोन्ही रंग धरून बसलेली.

"बदललं की सगळे विचारतात, का बदललं," सर म्हणायचे. "टिकलं की कुणी विचारत नाही. टिकणं हीसुद्धा घटना आहे. तिलाही कारण असतं."

हे कारण शोधण्यासाठी त्यांनी काय काय केलं, ते आज आठवलं की मी एकटीच हसते. तांबडा दाणा जरा खरबरीत असेल आणि बोटांना लागत असेल, म्हणून सगळ्या दाण्यांना एरंडेल चोळलं. ओळखीच्या सोनाराकडे नेऊन एकेक दाणा तोलला. बरणीचा गुण असेल म्हणून कुडपणचे दाणे दासगावच्या बरणीत आणि दासगावचे कुडपणच्या बरणीत घातले, चिठ्ठ्याही बदलल्या. मग दोन महिने फक्त डावखुरी माणसं, म्हणजे पोस्टमन आणि मी. शेवटी मला हातात पायमोजा घालून दाणे काढायला लावले. धुतलेला आहे, असं ते म्हणाले. कुडपण तरीही हटली नाही. सर वहीवर पेन्सिल टेकवून बसायचे आणि काकू शांतपणे बिरड्यासाठी वाल सोलत असायच्या.

मला ते कारण कळलं माझ्या पहिल्याच वर्षी.

पहिली पाळी करून मी साडेतीनला घरी आले होते. सर वाचनालयात गेलेले. मागच्या पडवीत काकू बसल्या होत्या. पुढ्यात सूप, सुपात वीस दाणे, बाजूला कुडपणची बरणी उघडी आणि एक जुना पत्र्याचा डबा. त्यांनी सुपातले दोन पांढरे दाणे उचलून बाजूला ठेवले, डब्यातले दोन तांबडे घेतले, सगळे बरणीत भरले आणि झाकण लावलं. मग त्यांना मी दिसले.

"आलीस? चहा टाकू?"

"काकू, हे काय करताय?"

"काय नाय." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "चार उरले होते गो. चारावर आलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाय."

मी तिथेच पायरीवर बसले. आठ वर्षांचे आकडे, एरंडेल, सोनार, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. म्हटलं, "अहो, पण सरांच्या मोजणीचं काय?"

"मोजूदेत की. मी मोजू नका म्हणते काय?" त्यांनी डबा माझ्यापुढे केला. तळाला मूठभर तांबडे वाल होते. "हा डबा कधी खरवडून रिकामा करायचा नाय. तळाला मूठ ठेवायची. आमच्याकडं वरती कुणाचं बी गेलं, उंदरांनी खाल्लं, भिजलं, तर शेजारीण येऊन मूठभर टाकून जाते. टाकलं म्हणून सांगायचं नसतं. घेणारीनं विचारायचं नसतं. तिच्या डब्यात असलं पायजे, एवढंच."

"आणि पांढरे कमी झाले तर?"

"तर पांढरे घालते. कुणाचंच घर बंद पडायला नको."

"मग दासगावच्या बरणीत का नाही घातले?"

"दासगाव माझं कोण लागतं?" काकू म्हणाल्या, आणि हसल्या. मग हसू थांबवून सुपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. त्यांचा भाऊ मुंबईला, शेत पडीक, हे मला माहीत होतं. "आमच्या वाडीत सात घरांना कुलपं हायेत. तांबडा वाल आता कुणी लावत नाय. या मागच्या भिंतीला मी एक ओळ लावते तेवढीच. त्यांनी बरणीला गावाचं नाव दिलं, तेव्हा मला किती बरं वाटलं होतं. ती रिकामी होताना बघत बसू?"

तीन वर्षं मी हे पोटात ठेवलं. मी प्रयोगशाळेत काम करणारी बाई. तिथे एखाद्या पोरीने आकडा बदलला असता तर मी तिला दारात उभं केलं नसतं. पण घरी आले की काकूंच्या बाजूची व्हायचे. सर पायमोजा घेऊन यायचे, मी हात पुढे करायचे, आणि काकू माझ्याकडे बघायच्याही नाहीत. पक्क्या होत्या.

गोष्ट गंभीर झाली ती अकराव्या वर्षी. सरांनी कुडपणच्या बरणीवर लेख लिहिला. विज्ञानाच्या एका मासिकाला पाठवायचा होता. आयुष्यभर शिकवलं, पण स्वतःच्या नावाने कधी काही छापून आलं नव्हतं, आणि ही एकच गोष्ट त्यांनी स्वतः शोधली होती, असं त्यांना वाटत होतं. सुवाच्य अक्षरात एकोणीस पानं. ती त्यांनी मला उभं राहून वाचून दाखवली. शेवटचं वाक्य होतं की, कारण सापडलं नाही, पण वस्तुस्थिती निःसंशय आहे.

मी स्वयंपाकघरात जाऊन काकूंना म्हटलं, आता सांगावंच लागेल. लोक हसतील त्यांना. काकूंचा चेहरा उतरला. त्यांना लेख म्हणजे काय, हे त्या दिवशी कळलं असावं. "मी सांगीन," त्या म्हणाल्या. "तू नको बोलूस. माझ्या तोंडून कळूदे. शिमगा होऊदे, मग सांगते." सरांनीही लेख शिमग्यानंतरच टाकायचा ठरवला होता, पोस्टात गर्दी नसते म्हणून.

शिमग्याला आठ दिवस असताना काकू गेल्या. दुपारी भाजी निवडत होत्या, छातीत दुखतंय म्हणाल्या, आणि हमीदभाईंनी गाडी काढेपर्यंत सगळं संपलं होतं. मी पाळीवर होते. घरी आले तेव्हा निवडलेली भाजी एका ताटात आणि न निवडलेली दुसऱ्या ताटात तशीच होती. ती दोन ताटं उचलणं मला जमलं नाही.

दिवसकार्य झालं. लेक नाशिकला चला म्हणत होती, सर नको म्हणाले. पुढच्या पहिल्या रविवारी बरोबर दहाला त्यांनी बरण्या खाली काढल्या. मी म्हटलं, सर, या महिन्यात राहूदे. ते म्हणाले, "राहूदे म्हणून राहत नाही ना काही." कुडपणचे तांबडे नऊ होते. सात निघाले. पुढच्या महिन्यात पाच. मग चार. मग दोन. मग एक. लेख कपाटात पडून होता. तो का पाठवत नाहीत, हे मी विचारलं नाही. सर फक्त दर मोजणीला वही जास्त वेळ उघडी ठेवायला लागले.

एक निघाला त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. वही उलटी करून माझ्याकडे फिरवली. अकरा वर्षांचा आलेख, पडणारा, उठणारा, पुन्हा उठणारा, आणि मग शेवटचे पाच ठिपके जिन्याने खाली उतरल्यासारखे.

"दाण्यांत काही नव्हतं," ते म्हणाले. "बरणीतही नव्हतं."

त्यांनी वही मिटली.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"किती दिवस?"

"तीन वर्षं."

"किती घालायची ती?"

"कमी पडले की दोन."

सरांना चिडलेलं मी पुष्कळदा पाहिलं होतं, पण ते मांजरांवरून, पंचांगावरून, वर्तमानपत्रातल्या चुकांवरून. या वेळचं वेगळं होतं. आवाज न चढवता ते म्हणाले, "म्हणजे मी अकरा वर्षं मूर्ख होतो, आणि माझ्याच घरात दोघींना ते माहीत होतं." दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारी बंब पेटलेला दिसला. सरांनी आंघोळीचं पाणी तापवायला एकोणीस पानं घातली होती. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. जिन्यात भेटले तर भिंतीकडे बघून खाली उतरायचे. मला वाटलं, खोली सोडावी. हमीदभाईंनी तर दुसरी जागा बघायलाही सुरुवात केली होती.

पण पहिल्या रविवारी दहाच्या आधी त्यांनी खालून हाक मारली. "मोजणी आहे."

मी खाली गेले. महाड, दासगाव, पोलादपूर झालं. मग कुडपण. मी डोळे मिटले. आत एकच तांबडा होता हे दोघांनाही माहीत होतं. पांढरा. पांढरा. दहाव्या वेळीही पांढराच. एक क्षण वाटलं, पापणी किलकिली करावी आणि तो दाणा शोधून काढावा. सरांचा श्वास ऐकू येत होता. मी डोळे उघडले नाहीत. वीसच्या वीस पांढरे.

सरांनी लिहिलं, वीस, शून्य. लिहून बरणी ताटात ओतली. नियमाप्रमाणे तो तांबडा दाणा आता काढून टाकायचा आणि त्याच्या जागी पांढरा घालायचा. त्यांनी तो उचलला, तळहातावर घेतला आणि बसून राहिले. मग रडायला लागले. काकू गेल्यावर ते रडले नव्हते. मी ताटातले दाणे उगीच सारखे करत बसले.

"तो डबा कुठे असतो?" त्यांनी विचारलं.

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी त्या स्वयंपाकघरातला एकही डबा उघडला नसावा. मी नेलं. वरच्या फळीवर, तांदळाच्या डब्यामागे होता. त्यांनी झाकण काढायला दोनदा जोर लावला. तळाला मूठभर तांबडे वाल होते, त्याच वर्षीचे, माघात काकूंनी भिंतीच्या ओळीतून काढलेले. सर त्यात बघत राहिले.

"दोनच ना?"

"दोनच."

बाहेर येऊन त्यांनी तो जुना तांबडा डब्यात टाकला, त्याच्या जागी पांढरा घातला, मग दोन पांढरे बाजूला काढले, दोन तांबडे बरणीत टाकले, झाकण लावलं. मग वही उघडली. मला वाटलं, काही लिहिणार नाहीत, काकूंसारखंच गुपचूप करतील. पण ते सर होते. त्यांनी पहिलं पान काढलं, 'बाहेरून कोणी येत नाही' या ओळीवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि समोर तारखेसह सही केली. मग त्या महिन्याच्या पानावर, वीस-शून्यच्या खाली, लिहिलं: 'स्थलांतर. कुडपणहून दोन.'

"हे शास्त्रात बसतं," ते मला म्हणाले. आवाज पुन्हा वर्गातला झाला होता. "आलं-गेलं चालू असेल तर लहान गावसुद्धा टिकतं. पिढीला एखादा पुरतो. मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो." मग बरणी फळीवर ठेवत, "तिनं मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाही तिनं."

उरलेले वाल पेरायचे कधी, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. हमीदभाईंच्या आईने सांगितलं, भात कापून झालं की. सरांनी भिंतीच्या कडेला ओळ लावली, दोन दाण्यांतलं अंतर पट्टीने मोजून. माझं लग्न ठरून मी महाड सोडलं तेव्हा वेल खिडकीच्या गजापर्यंत आले होते, आणि सर एका मांजराला तिथून हाकलत होते. त्याची शेपूट वाकडी होती.

गेल्या वर्षी सर गेले. महिन्याभराने त्यांच्या लेकीने मला एक खोकं पाठवलं. आत कुडपणची बरणी, वही आणि पत्र्याचा डबा. डबा रिकामा नव्हता. वही चाळली तर मागच्या सगळ्या वर्षांच्या पानांवर समासात लाल शाईने नव्या नोंदी होत्या. जिथे जिथे बरणी पडून उठली होती, त्या प्रत्येक महिन्यासमोर सरांनी बसून अंदाजाने लिहिलं होतं, 'कुडपणहून दोन?' प्रत्येक ठिकाणी प्रश्नचिन्ह. आणि पहिल्या पानावर, जिथे निरीक्षक म्हणून फक्त त्यांचं नाव होतं, तिथे वरच्या ओळीत, स्वतःच्या आधी, काकूंचं नाव.

आता आमच्याकडे पहिल्या रविवारी मोजणी असते. बाल्कनीतल्या कुंडीत दोन वेल आहेत, तिसरा आला नाही. मागच्या महिन्यात तांबडे तिनावर आले होते. या रविवारी नवरा दाणे काढायला बसला, त्याआधी मी डबा उघडला, दोन तांबडे बरणीत टाकले, दोन पांढरे बाजूला ठेवले, आणि वहीत नोंद केली.

"हे आत्ता तू काय टाकलंस?" त्याने विचारलं.

"लिहिलंय वहीत," मी म्हटलं. "तू डोळे मीट."